२१ दिवसांत सवय लागते, या समजाबाबत खुलासा

वजन कमी करू पाहणाऱ्यांना सर्रास सांगितला जाणारा हा समज प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० सालच्या निरीक्षणाचा विपर्यास आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, एवढेच त्यांनी नोंदवले होते. पुढे फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या अभ्यासात, जेवणासोबत फळ खाण्यासारखी कृती आपसूक घडू लागण्यास साधारण ६६ दिवस लागले आणि व्यक्तिपरत्वे हा काळ १८ ते २५४ दिवस असा आढळला. त्यामुळे ‘तीन आठवडे चाललो, तरी कंटाळाच येतो, म्हणजे हे आपल्याला जमणारे नाही’ ही सबब, कितीही मनापासून दिलेली असली तरी, निराधार ठरते. एखादा दिवस चुकल्यानेही फारसे बिघडत नाही, असे त्याच अभ्यासात दिसले. तेव्हा दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा निघावे.