खंडन वेगळे, मुस्कटदाबी वेगळी

एखाद्याच्या मतावर तुटून पडणे आणि त्या माणसाला बोलूच न देणे या दोन गोष्टींची आपल्याकडे इतकी सरमिसळ झाली आहे की दोन्ही बाजूंचे लोक तिचा सोयीस्कर फायदा उठवतात. ज्याच्या लेखावर चार जणांनी कडक टीका केली तो आपली मुस्कटदाबी होत असल्याची तक्रार करतो. आणि ज्यांनी दमदाटी करून एखादे व्याख्यान रद्द करायला लावलेले असते ते आपण लोकशाही मार्गाने निषेध नोंदवला, एवढेच सांगतात. वरवर पाहता दोन्हींत राग असतो, पत्रके निघतात, प्रसंगी घोषणाही होतात, त्यामुळे आवाजाच्या पट्टीवरून त्यांतला फरक कळत नाही. तो ओळखायचा तर विरोध करणारा कोणाला उद्देशून बोलतो आहे हे पाहावे, असे माझे मत आहे. खंडन करणारा वक्त्याशी आणि त्याच्या श्रोत्यांशी बोलतो. मुस्कटदाबी करणारा त्या दोघांना वगळून तिसऱ्याच कोणाशी तरी बोलतो: सभागृहाच्या मालकाशी, आयोजकाशी, छापखान्याशी, नोकरी देणाऱ्या संस्थेशी किंवा पोलीस ठाण्याशी.

एकाच भाषणाच्या बाबतीत, अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने, या दोन्ही गोष्टी घडल्याचे उदाहरण १९३६ सालचे आहे. लाहोरचे जात-पात तोडक मंडळ ही संतराम यांच्या पुढाकाराने १९२२ मध्ये स्थापन झालेली, आर्य समाजाच्या वर्तुळातील सुधारकांची संस्था होती आणि जातिभेद मोडून काढणे हेच तिचे जाहीर उद्दिष्ट होते. या मंडळाने डिसेंबर १९३५ मध्ये आपल्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना गळ घातली. त्यापूर्वी दोनच महिने आधी, १३ ऑक्टोबरला, येवल्याच्या परिषदेत त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केलेली होती, म्हणजे कोणाला बोलावतो आहोत याची मंडळाला पुरेपूर कल्पना होती. निमंत्रणाची बातमी फुटताच भाई परमानंद, महात्मा हंसराज यांच्यासारख्या पंजाबातील वजनदार हिंदू पुढाऱ्यांनी या निवडीपासून आपले अंग काढून घेतले. एप्रिलमध्ये मंडळाचे हरभगवान मुंबईला येऊन भाषणाचा काही भाग पाहून गेले आणि १४ एप्रिल १९३६ रोजी त्यांचे पत्र आले. वेदांवर आणि अन्य धर्मग्रंथांवर केलेला हल्ला अनावश्यक असून मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, तेव्हा तो मजकूर वगळून भाषण आटोपशीर करावे, असा त्या पत्राचा आशय होता.

आंबेडकरांनी २७ एप्रिलला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. भाषणातला स्वल्पविरामही आपण बदलणार नाही, त्यावर कोणाचीही तपासणी चालू देणार नाही, असे त्यांनी कळवले आणि परिषद रद्द झाली. मंडळाच्या पत्रात वेदांविषयीचा युक्तिवाद चुकीचा आहे असे कोठेही सिद्ध केलेले नव्हते, तसा प्रयत्नही नव्हता. तो मजकूर लाहोरच्या मंडपात ऐकवला जाऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती. मंडळातील माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी ना पोलीस बोलावले ना लाठ्या चालवल्या. ती आपापल्या परीने जातीच्या विरोधातच होती, आणि म्हणूनच हे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. विचारांची एकसाची सक्ती विरोधकांच्या छावणीपेक्षा आपल्याच गोटात जास्त सहज चालून जाते, कारण तेथे तिला सक्ती असे कोणी म्हणत नाही. तिला कधी औचित्य म्हणतात, कधी समयसूचकता आणि कधी चळवळीचे हित.

भाषण अर्थातच दडले नाही. आंबेडकरांनी ते ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वखर्चाने पुस्तकरूपाने काढले आणि पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्यानंतर जुलैमध्ये महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून त्यावर लिहिले. आंबेडकरांचे निष्कर्ष त्यांना मुळीच मान्य नव्हते. आंबेडकरांनी आधारासाठी घेतलेली वचने प्रमाण मानता येण्याजोगी नाहीत, कोणत्याही धर्माची पारख त्याच्या सर्वांत निकृष्ट नमुन्यावरून न करता त्याने घडवलेल्या उत्तम माणसांवरून केली पाहिजे, असे त्यांनी मांडले आणि त्या माणसांत ज्ञानदेव-तुकारामांची नावे घेतली. मात्र त्याच लेखनात, एका आगळ्या माणसाचे मूळ विचार ऐकण्याची संधी स्वागत समितीने लोकांकडून हिरावून घेतली, असा ठपकाही त्यांनी ठेवला. कोणत्याही सुधारकाला या भाषणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असे सांगून त्यांनी पुस्तकाची आठ आणे ही किंमत जास्त असल्याचे नोंदवले आणि ती दोन आणे, निदान चार आणे करावी अशी सूचना केली. ज्याचे खंडन करायचे ते पुस्तक स्वस्त व्हावे, अधिक हातांत जावे, असे टीकाकाराने म्हणावे हे आजच्या वातावरणात जरा नवलाचेच वाटेल.

१९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधींचे हे लेख परिशिष्ट म्हणून छापले आणि त्यांच्यापुढे आपले उत्तर जोडले. ते उत्तर सौम्य नव्हते. गांधींच्या उक्ती-कृतीतील अंतरावर, संत आणि राजकारणी या त्यांच्या दुहेरी भूमिकेवर त्यात सरळ बोट ठेवलेले आहे. ज्यांना वादात गोडवा हवा असतो त्यांनी हा वाद वाचू नये. मात्र तो वाचणाऱ्याच्या हाती दोन्ही बाजू येतात, आणि कोणाचे पटले हे ठरवण्याचे काम त्याच्याकडेच राहते. लाहोरच्या श्रोत्यांकडून मंडळाने हेच काम काढून घेतले होते. त्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा केवळ वक्त्याच्या हक्कापुरती ठेवली तर निम्मा प्रश्न बाहेरच राहतो. आंबेडकरांसारख्याला पुस्तक छापता आले. मंडपात बसून ते ऐकू इच्छिणाऱ्या, कदाचित ऐकून विरोधात उभे राहणाऱ्या माणसाचे जे गेले ते भरून निघाले नाही.

येथे एक रास्त शंका निघते. मंडळ ही खासगी संस्था होती. कोणाला बोलावायचे हे ठरवण्याचा अधिकार तिला नव्हता काय? होता, आणि कायद्याने तिने काहीही गैर केले नाही. एखाद्या वृत्तपत्राने, प्रकाशकाने वा संस्थेने आपले धोरण ठरवून त्यात न बसणारा मजकूर नाकारणे ही मुस्कटदाबी नव्हे. गोपाळ गणेश आगरकर ‘केसरी’चे संपादक होते, सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी न पटल्यामुळे १८८७ मध्ये ते बाजूला झाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. ‘केसरी’ने आगरकरांचा गळा आवळला असे कोणी म्हणत नाही, कारण पुण्यातच दुसरे पत्र निघू शकत होते आणि ते निघालेही. सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, हा प्रकार हीन होता. तरीही ‘सुधारक’ निघत राहिला आणि वाचकाला दोन्ही पत्रे घेता येत होती. नकाराचा अधिकार निर्दोष राहतो तो अशा दुसऱ्या जागेच्या भरवशावर. गावात एकच सभागृह असेल, विषयात एकच मान्यताप्राप्त संस्था असेल, तर त्याच नकाराचे वजन फार वाढते. लाहोरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. मते ठाऊक असताना बोलावणे आणि मग मतांसाठीच परत पाठवणे याला धोरण म्हणता येत नाही. ते बाहेरच्या दडपणाने धोरण सोडणे झाले.

नोकरीच्या मार्गाने केलेली मुस्कटदाबी र. धों. कर्वे यांच्या वाट्याला आली. संततिनियमनाचा उघड प्रचार केल्यामुळे त्यांना महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, पदरमोड करून चालवले आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटलेही झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला आंबेडकरच उभे राहिले होते. खटला वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता आणि कर्वे तो हरले. कर्व्यांची मते समाजाला घातक आहेत असे ज्याला वाटत होते त्याला ते लिहायची पूर्ण मुभा होती, आणि अनेकांनी तसे लिहिलेही. त्या लेखनाने कर्व्यांचे काही बिघडले नाही, बिघडले ते पगार थांबल्याने आणि दंड झाल्याने. त्यांतल्या कशानेही त्यांच्या एका मुद्द्याचेही उत्तर दिले गेले नाही.

कायद्याने ही सीमारेषा कशी आखली आहे हे थोडक्यात पाहू. राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) ने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले आहे आणि कलम १९(२) ने त्यावर मोजक्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालायला परवानगी दिली आहे. बदनामी किंवा हिंसेची चिथावणी यांना संरक्षण नाही, आणि असूही नये. निदर्शनांची वा हिंसेची धमकी आली म्हणून चित्रपटच बंद करायचा, या युक्तिवादाला सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन खटल्यात नकार दिला: जमाव खवळेल ही सबब सरकारला सांगता येणार नाही, अभिव्यक्तीला संरक्षण देणे हे सरकारचे काम आहे. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात याच न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या आणि चिथावणीच्या पायरीपर्यंत पोहोचल्याशिवाय बोलण्यावर निर्बंध घालता येत नाही असे सांगून माहिती तंत्रज्ञान कायद्यातील, ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा ठरवणारे कलम ६६-अ रद्दबातल ठरवले. त्या याचिकेचे मूळ महाराष्ट्रातच होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला, दुसरीने त्याला पसंती दिली, आणि दोघींनाही अटक झाली. त्यांतल्या एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोडही झाली. बंदचे समर्थन करणाऱ्याला त्याच फेसबुकवर, त्याच पोस्टखाली, हव्या तितक्या तिखट शब्दांत उत्तर देता आले असते. ते सोडून पोलीस ठाणे आणि दवाखाना गाठला गेला.

न्यायालयाने सोडवता येणार नाही असे खरे अवघड प्रकरण बहिष्काराचे आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेच्या हस्ते उद्घाटन होत असेल तर संमेलन उधळू, असा इशारा आल्यावर आयोजकांनी त्यांचे निमंत्रण मागे घेतले. तोपर्यंत त्यांचे भाषण लिहून तयार होते आणि नंतर ते मराठीतही सर्वत्र छापून आले. निषेध म्हणून अनेक लेखकांनी संमेलनाला जायचे नाकारले. उधळण्याचा इशारा देणारे आणि न जाणारे, दोघांचेही वर्णन तेव्हा ‘बहिष्काराचे राजकारण’ असे केले गेले, ते मला चुकीचे वाटते. इशारा देणाऱ्याचे म्हणणे असे होते की कोणालाच त्या बाईंच्या हस्ते उद्घाटन पाहता येणार नाही, आणि ते त्याने आयोजकांना ऐकवले. न जाणारा लेखक फक्त स्वतःची खुर्ची रिकामी ठेवत होता आणि त्याचे कारण वाचकांना सांगत होता.

तरीही न जाणाऱ्यांच्या बाजूनेही एक घसरण संभवते, आणि ती दाखवल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. मी जाणार नाही, इथवर तो निषेध असतो. जे जातील ते सत्तेला विकले गेले, त्यांना पुढे आपल्या कार्यक्रमांना बोलवायचे नाही, त्यांचे पुस्तक आपल्या मासिकात परीक्षणाला घ्यायचे नाही, असे ठरू लागले की लाहोरच्या मंडळाचेच काम वेगळ्या झेंड्याखाली सुरू होते. यवतमाळच्या अध्यक्ष अरुणा ढेरे गेल्या, आणि निमंत्रण मागे घेणे अनुचित होते हे त्यांनी अध्यक्षीय भाषणात त्याच व्यासपीठावरून सांगितले. न गेलेल्यांना तो मार्ग अपुरा वाटला असेल. त्यांनी तसे लिहावे, ढेरे यांनी त्याला उत्तर द्यावे किंवा देऊ नये, आणि कोणाचे पाऊल बरोबर होते याबद्दल वाचकांनी भांडत राहावे.