भिंतीपासून रुळापर्यंत: परदेशी मॉडेल रेल्वे आणि तिच्या विजेची पार्श्वभूमी

मॉडेल रेल्वेचा सेट परदेशातून आला की खोक्यातून इंजिन-डबे निघतात, रूळ निघतात आणि एक जड, चौकोनी डबी निघते. कुणी तिला पॉवर पॅक म्हणतं, कुणी कंट्रोलर, कुणी नुसतं ट्रान्सफॉर्मर. आपला सगळा जीव इंजिनात अडकलेला असतो, त्यामुळे डबीच्या पोटावर काय छापलंय ते वाचायचं राहून जातं, आणि घात तिथेच होतो.

माझ्याकडे तसंच झालं. आतेभावाने नागोयाहून एन गेजचा, म्हणजे अगदी लहान मापाचा, सेट आणला होता. डबीची दोन चपट्या पात्यांची पिन आपल्या सॉकेटमध्ये जाईना, म्हणून प्रवासाला नेतात तशी पिन बदलणारी खुंटी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली. आकार जुळला. बटण दाबलं, डबीवरचा दिवा भक्क पेटला, आतून जाड घुमल्यासारखा आवाज आला आणि मिनिटभरात जळक्या वार्निशचा वास खोलीत पसरला. लेबलवर एसी १०० व्होल्ट लिहिलेलं होतं. खुंटीने फक्त पिनेचा आकार बदलला होता, व्होल्ट तेच राहिले होते. इंजिन अजून रुळावर ठेवलं नव्हतं म्हणून बचावलं.

जपानी असो, ब्रिटिश असो की अमेरिकी, साध्या दोन-रुळी मॉडेल इंजिनाला रुळांतून साधारण १२ व्होल्टपर्यंतचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, पुरवठा लागतो; भिंतीतली वीज असते एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी. माप एकच असलं तर एका देशाचं इंजिन दुसऱ्या देशाच्या रुळांवर बिनदिक्कत धावतं. अडचण असते ती भिंत आणि रूळ यांच्यामधल्या डबीत. ही डबी मुळात आली कशी आणि देशागणिक वेगळी का झाली, हे समजून घेतलं तर खरेदीतल्या बऱ्याच चुका टळतात.

सुरुवातीच्या खेळण्यातल्या आगगाड्या चावीच्या होत्या, काही तर खऱ्या वाफेवर चालायच्या. जर्मनीतल्या ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या वसंतमेळ्यात एकमेकांना जोडून वाढवत नेता येतील असे ठरावीक मापाचे रूळ मांडले. खेळणं एकदा विकत घेऊन संपत नाही, त्यात दरवर्षी भर घालता येते, ही कल्पना तिथून रुजली. आपला छंद आजही त्याच कल्पनेवर उभा आहे.

वीज आली तेव्हा ती आजच्या मानाने अंगावर काटा येईल अशा रीतीने आली. घरातली वीज सरळ रुळांत सोडायची आणि मध्ये विरोध म्हणून एक बल्ब जोडायचा. ब्रिटनमध्ये लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९२५ साली काढलेली हॉर्नबीची पहिली विजेवरची गाडी, ‘मेट्रोपॉलिटन’, या प्रकारची होती. गाडी धावत असेपर्यंत बरंचसं व्होल्टेज बल्बवर पडायचं. पण गाडी रुळावरून उचलली की रुळांत जवळजवळ पूर्ण घरगुती दाब, म्हणजे व्होल्टेज, यायचा, आणि रुळाशी बसलेलं असायचं लहान मूल! मेर्कलिनने १९२६ साली २० व्होल्टची सुरक्षित पद्धत आणली, हॉर्नबीनेही कमी व्होल्टेजची गाडी बाजारात आणली. भिंत आणि रूळ यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर बसला तो कायमचा. आपली डबी ती हीच, आणि तिचं पहिलं काम मुलांना शॉकपासून वाचवण्याचं होतं.

पुढचा फाटा एसी की डीसी असा फुटला. ट्रान्सफॉर्मरमधून एसी बाहेर पडतो, त्याचा डीसी करायला रेक्टिफायर लागतो, आणि तो तेव्हा सहज मिळत नव्हता. शिवाय गुंडाळीच्या चुंबकाची मोटर एसीवर उत्तम चालते, पण दोन तारांची अदलाबदल केली तरी तिची दिशा बदलत नाही. ती बदलायला इंजिनात वेगळी खटकी बसवावी लागते. मेर्कलिनने तो मार्ग पत्करला. तिची १६.५ मिलिमीटर अंतराच्या रुळांची छोटी गाडी १९३५ साली आली. ती मधल्या तिसऱ्या वाहकावरून एसी घेते, साधारण १६ व्होल्टपर्यंत धावते आणि २४ व्होल्टचा क्षणभर झटका दिला की उलट फिरते. अमेरिकेत जोशुआ लायोनेल कोवेन यांची लायोनेल कंपनीही मोठ्या मापात तीन रूळ आणि एसीवरच राहिली.

दुसरीकडे कायमस्वरूपी चुंबक सुधारले आणि रेक्टिफायर आटोपशीर झाले. हॉर्नबीची छोट्या मापाची गाडी, हॉर्नबी-डब्लो, १९३८ साली १२ व्होल्ट डीसीवर आली. डीसीत दिशा बदलणं फार सोपं असतं: धन-ऋण उलटं केलं की गाडी उलटी. म्हणूनच कंट्रोलरवरचा गोल खटका मध्यापासून उजवीकडे फिरवला तर गाडी पुढे जाते, डावीकडे फिरवला तर मागे. डब्लोचे रूळ तेव्हा तीन होते, १९५९ मध्ये तिने दोन-रुळी गाड्या काढल्या. तोवर अमेरिका आणि युरोपातले बहुतेक उत्पादक दोन रूळ आणि १२ व्होल्ट डीसीकडे वळलेले होते. यात संघटनांचाही वाटा आहे. अमेरिकेतली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन १९३५ साली मिलवॉकीत स्थापन झाली, युरोपातली मोरॉप १९५४ साली. चाकांची जाडी, रुळांमधलं अंतर, वीज याबद्दल त्यांनी ठरवलेल्या मानकांमुळेच आज इटलीचा डबा चीनमध्ये बनलेल्या इंजिनामागे जोडता येतो.

मेर्कलिन मात्र आपल्या वाटेवरच राहिली. जुन्या वस्तूंच्या बाजारात जर्मनीहून स्वस्तात मिळणारं देखणं इंजिन बहुधा याच घराण्यातलं असतं. त्याची दोन्ही बाजूंची चाकं आतून विजेने जोडलेली असतात. ते आपल्या दोन-रुळी मांडणीवर ठेवलं की थेट शॉर्टसर्किट होतं. जाहिरातीत ‘तीन-रुळी’ किंवा ‘एसी’ असं लिहिलेलं असलं तर रंग कितीही आवडला तरी पुढे जावं, नाहीतर रूळ आणि ट्रान्सफॉर्मरसकट अख्खा संसार मेर्कलिनचाच थाटावा.

आता भिंतीतल्या विजेकडे येऊ. अमेरिकेत एडिसनच्या डीसी दिव्यांच्या काळात ११० व्होल्टच्या आसपासचा दाब रुळला. पुढे एसी आला तरी घरोघरचे दिवे त्याच दाबाचे होते, त्यामुळे आकडा टिकला आणि आज तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० आवर्तनं) आहे. युरोपात तारांतला खर्च वाचवायला दाब दुप्पट, म्हणजे २२० व्होल्ट झाला. ब्रिटन २४० वर होता, भारत ब्रिटिशांच्या पद्धतीने २३० वर आला. आता युरोप आणि ब्रिटनचाही नाममात्र आकडा २३० आहे. जपानची गंमत न्यारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जनित्रं जर्मनीहून घेतली, ती ५० हर्ट्झची. ओसाकाने घेतली अमेरिकेहून, ती ६० हर्ट्झची. आजही फुजी नदीच्या आसपास हा देश विजेच्या बाबतीत दोन भागांत विभागलेला आहे, दाब मात्र दोन्हीकडे १०० व्होल्टच.

याचा छंदाशी अगदी थेट संबंध आहे. जपानी पॉवर पॅक दोन्ही हर्ट्झवर चालेल असाच बनवावा लागतो, त्यामुळे २३० चे १०० करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की तो आपल्याकडे सुखाने चालतो. जुना अमेरिकी पॅक केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला असू शकतो. आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा लोखंडी गाभा जास्त ताणला जातो आणि ११० व्होल्ट देऊनही डबी नेहमीपेक्षा गरम होते. हाताला चटका बसेल इतकी तापली तर ती बंद करावी. आणि सरळ २३० व्होल्ट दिले तर गाभा संपृक्त होतो, म्हणजे त्याची आणखी चुंबकत्व पेलायची ताकद संपते, गुंडाळीतून कित्येक पट विद्युतप्रवाह वाहतो आणि वार्निश जळतं. आमच्या खोलीत आलेला वास तोच.

ब्रिटनचा सेट दाबाच्या बाबतीत आपल्याला सोयीचा, पण त्याची पिन आडवी येते. गोल तीन पिनांचं सॉकेट आपल्याला ब्रिटिशांनीच दिलं, बीएस ५४६ या त्यांच्या जुन्या मानकातलं. त्यांनी स्वतः १९४७ पासून चौकोनी पिनांचं नवं मानक आणलं आणि फ्यूज प्लगच्या आत नेला. आपण जुन्या गोल पिनांवर राहिलो. इथे मात्र पिन बदलणारी खुंटी पुरते. प्लग कापून आपला लावला तर त्यातला फ्यूजही जातो, हे ध्यानात असू द्यावं.

हे सगळं परदेशातून आणण्याची वेळ येते, कारण आपल्याकडे या मापाच्या गाड्यांचा मोठा उद्योग कधी उभाच राहिला नाही. परवान्यांच्या काळात खेळण्यासाठी परकी चलन मिळणं दुरापास्त होतं. जहाजावर किंवा विमान कंपनीत नोकरीला असलेला कुणी, आखातातला काका, शिकायला गेलेली भाची, यांच्या सामानातून एखादा डबा, चार रूळ यायचे. या काळात ज्यांनी छंद जोपासला त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथल्या एचओ (१:८७) मापाच्या गाड्या एका छोट्या प्रतिकृती-शहरभर पसरलेल्या रुळांवर धावताना बघितल्या की एका माणसाची चिकाटी कुठवर जाते ते दिसतं.

१९९१ नंतर दारं हळूहळू किलकिली झाली. आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठले, रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये सामान्य माणसाला परदेशी पैसे पाठवण्याची उदार योजना आणली आणि घरबसल्या टोकियो किंवा लंडनच्या दुकानातून इंजिन मागवता येऊ लागलं. ती सोय पुढे पुन्हा महागली. सीमाशुल्काच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध मॉडेलं ९५०३ या शीर्षकाखाली, म्हणजे खेळण्यांतच मोडतात. डिसेंबर २०१९ मध्ये परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंवरची सूट काढली गेली, तिच्यात अपवाद राहिले ते राख्या आणि जीवरक्षक औषधांचे. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर गेलं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) मानक सक्तीचं झालं. ते १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना लागू असल्याने खोक्यावरच्या ‘१४ वर्षांवरील’ या बारीक अक्षरांना महत्त्व आलं. देशी खेळणी-कारागिरांना आधार देण्याचा हेतू मला पटतो. पण जे इथे बनतच नाही त्यावरही तोच दर लागावा, याची खंत वाटते. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून मागणी नोंदवण्याआधी त्या दिवशीचा दर पाहून घ्यावा.

मापांबद्दलही थोडं सांगायला हवं. एचओ म्हणजे १:८७. खऱ्या स्टँडर्ड गेजचे १,४३५ मिलिमीटर ८७ ने भागले की १६.५ येतात. ब्रिटिश इंजिनं आकाराने लहान असल्याने त्यात मोटर मावेना, म्हणून तिथे वरची गाडी १:७६ च्या मापाची झाली, रूळ मात्र १६.५ चेच राहिले. त्याला ओओ म्हणतात. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, एचओमध्ये तो १९ मिलिमीटरच्या वर जातो. भारतीय इंजिनाचं मॉडेल बाजारातल्या रुळांवर ठेवलं की समोरून बघताना ते थोडं अरुंद पायांवर उभं राहिल्यासारखं दिसतं. डेक्कन क्वीन समोरून बघत मोठं झालेल्या डोळ्यांना ते लगेच खटकतं.

डिजिटल नियंत्रणाने विजेची गोष्ट पुन्हा बदलली. हॉर्नबीची १९७९ मधली ‘झीरो १’ ही पद्धत घरच्या विजेच्या हर्ट्झवरच बेतलेली होती, म्हणून ब्रिटनसाठी ती ५० ची आणि अमेरिकेसाठी ६० ची. नंतर जर्मनीच्या बर्न्ड लेन्झ यांच्या कामावर आधारलेली डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) ही पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने मानक म्हणून स्वीकारली. यात रुळांत साधारण १४ ते १६ व्होल्टचा उलटसुलट होणारा चौकोनी प्रवाह कायम असतो आणि इंजिनातला डिकोडर आपल्यापुरता संदेश उचलतो. डिकोडर नसलेलं इंजिन अशा रुळांवर उभं ठेवलं तर मोटर जागच्या जागी गुणगुणते आणि तापते.

या बदलाचा आपल्याला मोठा फायदा झाला. नव्या कंट्रोलरमध्ये ट्रान्सफॉर्मर आत नसतो, लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर असतो. त्यावर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असलं तर खुंटी लावून तो थेट भिंतीत जातो. नुसतं १०० किंवा १२० असलं तर तो अडॅप्टर खोक्यातच ठेवावा. कंट्रोलरला आत काय लागतं ते त्याच्या खाचेजवळ लिहिलेलं असतं: एसी की डीसी, किती व्होल्ट, किती अँपिअर, मधली पिन धन की ऋण. या चारही गोष्टी जुळणारा अडॅप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतो. व्होल्ट नेमके तेवढेच हवेत, अँपिअर लिहिल्यापेक्षा जास्त असले तरी चालतात.

नागोयाच्या त्या सेटसाठी मी १२ व्होल्ट डीसीवर चालणारा एक साधा कंट्रोलर घेतला आणि इथला २ अँपिअरचा अडॅप्टर जोडला. एन गेजच्या रुळांमधलं अंतर फक्त ९ मिलिमीटर असतं, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर पूर्ण वर्तुळ बसलं. खटका थोडासा उजवीकडे फिरवला तेव्हा आधी पुढचा दिवा लागला, मग चार डबे हलले. जळालेली डबी मी उघडून बघितली: पिवळसर कागदाखाली तांब्याची तार एका कडेने काळी पडली होती, रुळांकडे जाणारी जाड गुंडाळी मात्र जशीच्या तशी चकचकीत होती.