वर्गातल्या सगळ्यांसाठी: चिंता-प्रतिबंधाची पार्श्वभूमी

सयाजीरावांनी सक्तीचं शिक्षण 1893 मध्ये अमरेलीत करून पाहिलं आणि 1906 मध्ये बडोदा संस्थानभर नेलं. मुलांची चिंता वाढण्याआधीच रोखण्याच्या बाबतीत मात्र ‘सरसकट’, म्हणजे सगळ्याच मुलांसाठी, हा विचार फार उशिरा आला. रॉबर्ट गॉर्डन यांनी 1983 मध्ये आजार-प्रतिबंधाची तीन गटांत विभागणी मांडली: सगळ्यांसाठी, जोखमीतल्यांसाठी आणि लक्षणं डोकावू लागलेल्यांसाठी. पहिल्या गटात कुणाला वर्गातून वेगळं काढावं लागत नाही, म्हणून शिक्काही बसत नाही.

कार्यक्रम मात्र आले उपचारांतून. अमेरिकेत फिलिप केंडल यांनी चिंताग्रस्त मुलांसाठी ‘कोपिंग कॅट’ हा उपचार-कार्यक्रम रचला. ऑस्ट्रेलियात पॉला बॅरेट यांनी त्याचा ‘कोपिंग कोआला’ केला आणि पुढे ‘फ्रेंड्स’: आठवड्याला एक अशी दहा सत्रं, नंतर उजळणीची दोन.

त्याचा कणा म्हणजे भीतीची शिडी. वर्गासमोर बोलायची धास्ती असेल, तर आधी आरशासमोर चार ओळी वाचायच्या, मग आजीसमोर, मग बाकावरच्या मैत्रिणीसमोर, मग जागेवर उभं राहून एक प्रश्न विचारायचा, शेवटी फळ्यापाशी दोन मिनिटं. दर वेळी भीतीला 0 ते 10 मध्ये आकडा द्यायचा आणि तो निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी पुन्हा करायची. आकडा 8 वर असतानाच ‘बस खाली’ म्हटलं, की पळ काढला तर सुटका होते एवढंच मूल शिकतं. चाळीस मुलांच्या वर्गात नेमकी ही शिडीच गळते आणि दीर्घ श्वासांचा सराव तेवढा उरतो.

दुसरा घोळ शिकवणाऱ्याचा. इंग्लंडमधल्या 40 शाळांच्या चाचणीत (2014) बाहेरून आलेल्या प्रशिक्षित आरोग्य-कार्यकर्त्यांनी ‘फ्रेंड्स’ घेतला, तिथे वर्षभरानंतर चिंता कमी दिसली. शाळेच्याच लोकांनी घेतला, तिथे नाही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या 74 शाळांमध्ये (2018) विषय नैराश्याचा, दादागिरीचा आणि शाळेच्या वातावरणाचा होता, पण निकाल त्याच वळणाचा: नेमलेल्या समुपदेशकांमुळे फरक पडला, शिक्षकांमुळे नाही. तरी 2020 च्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमाची भिस्त प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांवरच आहे. परीक्षा, निवडणूक, जनगणना सांभाळून हेही!

बडोद्यातल्या मराठी मुलांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. घर मराठी, शाळा गुजराती. गुजरातीत ‘काळजी’ म्हणजे मुख्यतः निगा, जपणूक. मराठीत निगा आणि चिंता दोन्ही. ‘काळजी वाटते का?’ या प्रश्नाला मूल भलतंच उत्तर देऊ शकतं. त्यापेक्षा ‘पोटात गोळा येतो का? छाती धडधडते का? कधी?’ असं विचारावं, आणि प्रश्नावलीत ‘गभरामण’ (घबराट) हा गुजराती शब्दही ठेवावा.