जुन्या संगणकावर नवा गेम का चालत नाही? खर्च करण्यापूर्वी वाचावे असे माहितीपत्रक

सन्माननीय ग्राहक,

“संगणक तर उत्तम चालतो, मग हा एकच गेम का चालत नाही?” हा प्रश्न आमच्या दुकानात, विशेषतः परीक्षा संपून सुट्टी लागली की, जवळजवळ रोज विचारला जातो. विचारणारे बहुधा पालक असतात. मुलाच्या मित्राने ‘रॅम वाढवा’ असे सांगितलेले असते आणि पैसे घेऊनच ते आलेले असतात. रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, विकणे हा आमचा व्यवसाय आहे. परंतु ज्या रॅमने आपले काम होणार नाही ती आपल्या हातात ठेवणे आम्हाला पटत नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे.

सर्वप्रथम एक फरक लक्षात घ्यावा. गेम अडखळत चालणे आणि गेम मुळात सुरूच न होणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिल्या तक्रारीत संगणकाची ताकद कमी पडत असते. रिझोल्यूशन (चित्रातील बिंदूंची संख्या) उतरवले, सावल्या आणि दूरच्या दृश्यांचा दर्जा कमी केला, की पुष्कळदा एक रुपयाही न घालता गेम खेळण्याजोगा होतो. दुसऱ्या तक्रारीत गेमला हवी असलेली एखादी क्षमता त्या यंत्रात नसतेच, आणि मग कोणतीही सेटिंग बदलून उपयोग होत नाही.

सर्वांच्या ओळखीचे उदाहरण जीटीए ५चे आहे. हा गेम २०१५ साली संगणकावर आला, तेव्हा त्याला किमान कोअर २ क्वाड प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरील चित्र तयार करणारा भाग) पुरत होते. मार्च २०२५मध्ये त्याचीच ‘एन्हान्स्ड’ आवृत्ती आली. तिला किमान चौथ्या पिढीचा कोअर आय७ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ४ जीबीचे जीटीएक्स १६३० कार्ड आणि १०५ जीबी मोकळी जागा असलेली एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) लागते. नाव तेच असल्यामुळे “कालपर्यंत चालत होता, आज का नाही?” असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी आम्ही जुनी आवृत्तीच ठेवण्याचा सल्ला देतो.

कार्ड ताकदवान असूनही नापास का होते?

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज असल्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहीत आहोत. २०१७ साली आलेले एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०८० टीआय हे ११ जीबी मेमरीचे कार्ड त्या काळी घरगुती कार्डांमध्ये अव्वल मानले जाई, आणि जुन्या गेममध्ये ते आजही त्याच कंपनीच्या २०१९च्या आरटीएक्स २०६० सुपरपेक्षा साधारणतः सरस ठरते. तरीही डिसेंबर २०२४मध्ये आलेला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा २०२५चा डूम: द डार्क एजेस या गेमच्या किमान अपेक्षेत २०६० सुपर बसते, १०८० टीआय बसत नाही. कारण हे गेम प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून सावल्या आणि प्रतिबिंबे काढतात, ज्याला रे ट्रेसिंग म्हणतात, आणि त्यासाठीची खास यंत्रणा आरटीएक्स मालिकेतील कार्डांच्या चिपमध्येच बसवलेली असते. २०२३च्या ॲलन वेक २लाही असेच झाले: मेश शेडर ही दृश्यातील आकार झपाट्याने रचण्याची सोय नसल्यामुळे जीटीएक्स १० मालिकेतील कार्डांवर तो सुरुवातीला फारच संथ चालत होता, पुढे गेम बनवणाऱ्या कंपनीने सुधारणा करून ती अडचण कमी केली. म्हणून नवे किंवा वापरलेले कार्ड घेताना केवळ ‘किती जीबी’ हा प्रश्न पुरत नाही, ते कोणत्या मालिकेचे आहे हेही विचारावे.

‘माझ्याकडे डायरेक्टएक्स १२ आहे’ या विधानातही अर्धेच सत्य असते. गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारे हे सॉफ्टवेअर विंडोज १०बरोबर येते, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या जुन्या कार्डावरही तो आकडा दिसतो. कार्डाला स्वतःला काय जमते ते ‘फीचर लेव्हल’ सांगते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये, परफॉर्मन्स या भागात, प्रोसेसर, रॅम, डिस्कचा प्रकार आणि कार्ड ही सर्व माहिती आपल्याला घरीच पाहता येते.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

कार्यालयांतून निघालेले, एच६१ मदरबोर्ड (सर्व भाग जोडणारा मुख्य बोर्ड) आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा कोअर आय५ असलेले संगणक आपल्याकडे अजून मोठ्या संख्येने वापरात आहेत आणि लिखापढीला, अभ्यासाला ते पूर्ण समर्थ आहेत. मात्र एव्हीएक्स२ नावाचा प्रोसेसरचा आज्ञासंच इंटेलने २०१३ साली, चौथ्या पिढीपासून दिला. ज्या गेमला तो लागतो, तो गेम अशा संगणकावर बहुधा काही सूचना न देता लगेच बंद पडतो. एच६१ बोर्डावर तिसऱ्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर बसतच नाही, त्यामुळे अशा वेळी बोर्ड आणि प्रोसेसर, आणि बहुधा रॅमही, बदलावी लागते. हा खर्च आधी कळावा, अर्धा करून झाल्यावर नव्हे, याची आम्ही काळजी घेतो.

विंडोजचे वय

१ जानेवारी २०२४पासून स्टीम या गेम विकणाऱ्या सेवेने विंडोज ७ आणि ८साठीचा आधार थांबवला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ला नियमित सुधारणा मिळण्याची मुदतही संपली. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची यंत्रणा) आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. फसवेगिरी रोखण्यासाठी व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू असल्याशिवाय खेळू देत नाही; बॅटलफील्ड ६लाही सिक्युअर बूट लागते. पुष्कळ संगणकांत ही सोय असते, फक्त बायोसमध्ये (विंडोजआधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असते, आणि ती चालू करण्यास काही भाग विकत घ्यावा लागत नाही. परंतु एक कळकळीची विनंती: व्हिडिओ पाहून ही सेटिंग स्वतः बदलू नये. विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेली असेल तर बदल करताच संगणक सुरू होईनासा होतो. आधी डिस्कची मांडणी बदलावी लागते, आणि त्याहीआधी आपल्या फोटोंची व कागदपत्रांची दुसरी प्रत काढावी लागते.

खर्च कोठे करावा?

एसएसडी हा असा एकच बदल आहे, जो हवा तो गेम चालला नाही तरी वाया जात नाही, कारण संपूर्ण संगणकच त्याने चपळ होतो. सायबरपंक २०७७ने तर २०२३मध्ये आपल्या किमान अपेक्षेतच एसएसडी घातली. साधी हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १०० ते १५० एमबी वाचते, तर साटा प्रकारची एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. तिच्यामुळे दृश्ये लवकर उघडतात; चित्राचा वेग मात्र तिने वाढत नाही.

कार्ड बदलण्यापूर्वी एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) पाहावा. कार्यालयीन कॅबिनेटमधील लहान एसएमपीएसवर मोठे कार्ड लावल्यास गेम ऐन भरात असताना संगणक बंद पडतो. जीटीएक्स १६५०ची अनेक मॉडेल्स मदरबोर्डवरील स्लॉटमधूनच मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालतात, म्हणून अशा संगणकांसाठी आम्ही प्रथम त्यांचा विचार करतो. अतिशय स्वस्त मिळणाऱ्या ‘नव्या’ जीटीएक्स १०५० टीआय कार्डापासून सावध राहावे: अनेक वर्षे जुन्या चिपवर खोटे नाव चढवून अशी कार्डे विकली गेली आहेत. जीपीयू-झेड हे मोफत साधन अशी लबाडी बहुतेक वेळा उघडी पाडते.

लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप बोर्डालाच जोडलेली असल्यामुळे रॅम आणि एसएसडी यांपलीकडे फारसे काही करता येत नाही. आणि गेल्या वर्षी सुरळीत चालणारा तोच गेम आता अडखळत असेल, तर दोष बहुधा वयाचा नसून धुळीचा आणि उष्णतेचा असतो. पंखा साफ करून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वाहून नेणारा लेप) बदलली की अनेक यंत्रे पूर्ववत चालतात, म्हणून आम्ही सुरुवात तेथूनच करतो.

दुकानात येताना मॉनिटर आणण्याची आवश्यकता नाही; केवळ कॅबिनेट, अथवा लॅपटॉप असल्यास चार्जरसह, आणावा. हव्या असलेल्या गेमचे पूर्ण नाव व आवृत्ती कागदावर लिहून आणावी, आणि पडद्यावर काही सूचना येत असेल तर तिचा फोटो काढून ठेवावा. शक्य असल्यास ज्याला गेम खेळायचा आहे त्या मुलालाही सोबत आणावे. तो गेम कोठे अडतो, हे त्याच्याकडून सर्वांत नेमके कळते.