‘आय सॉ’ की ‘आय हॅव सीन’?

‘मी कालच फी भरली आहे.’ मराठीत या वाक्याला कोणी नावं ठेवणार नाही. हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं की ‘आय हॅव पेड द फी यस्टरडे’ असं होतं आणि उत्तरपत्रिकेत त्याच्याखाली लाल रेघ येते. विद्यार्थी चक्रावतो. ‘भरली’ला ‘पेड’, ‘आहे’ला ‘हॅव’, ‘काल’ला ‘यस्टरडे’. सगळे तुकडे बरोबर, मग वाक्य चूक कसं?

चूक इतकीच, की ‘हॅव पेड’ आणि ‘यस्टरडे’ इंग्रजीत एका वाक्यात नांदत नाहीत. मराठीत ‘आहे’ आणि ‘काल’ यांचं वाकडं नाही, इंग्रजीत आहे. साधा भूतकाळ म्हणजे सिंपल पास्ट आणि पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, या जोडीत मुलं अडखळतात ती पाठांतर कमी पडतं म्हणून नव्हे. सूत्रं दोन्हींची येत असतात. कोणता काळ कधी वापरायचा हे मराठीच्या कानाने ठरवलं जातं आणि तिथे घात होतो.

रूपांचं आधी उरकून घेऊ. साध्या भूतकाळाला क्रियापदाचं दुसरं रूप लागतं: सॉ, वेन्ट, रोट. पूर्ण वर्तमानकाळाला ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आणि पुढे तिसरं रूप: हॅव सीन, हॅज गॉन, हॅव रिटन. ‘बॉट’सारखी दुसरी-तिसरी रूपं एकच असलेली क्रियापदं त्रास देत नाहीत. त्रास देतात ती ‘कम’ आणि ‘रन’, कारण त्यांचं तिसरं रूप पुन्हा पहिल्यासारखंच असतं. म्हणून ‘हॅज केम’ आणि ‘हॅज रॅन’ चूक. ‘हॅज कम’ आणि ‘हॅज रन’ बरोबर. ‘रीड’ हे आणखी एक लबाड क्रियापद. तिन्ही रूपांचं स्पेलिंग सारखं, दुसऱ्या-तिसऱ्या रूपाचा उच्चार मात्र ‘रेड’. छापील वाक्यात ‘शी’च्या पुढे हे क्रियापद शेवटच्या ‘एस’शिवाय आणि कुठल्याही सहायक क्रियापदाशिवाय दिसलं, तर तो भूतकाळ समजायचा.

आता मूळ प्रश्न. ‘नुकतंच घडलं असेल तर परफेक्ट, पूर्वी घडलं असेल तर पास्ट’ हा नियम मुलांच्या वह्यांत सर्रास सापडतो. माझ्या मते या नियमाने फायद्यापेक्षा नुकसानच जास्त केलं आहे. ‘द बेल रँग फाइव्ह मिनिट्स अगो’ हे वाक्य बघा. घंटा होऊन पाचच मिनिटं झाली, याहून नुकतं काय असणार? तरी इथे साधा भूतकाळच लागतो. उलट, ‘ट्वेल्व्ह पीपल हॅव वॉक्ड ऑन द मून.’ चंद्रावर पहिलं पाऊल १९६९ साली पडलं आणि त्या बारा जणांतले शेवटचे दोघं डिसेंबर १९७२मध्ये परतले. अर्धशतक उलटलं, तरी वाक्य पूर्ण वर्तमानकाळात आहे आणि अगदी बरोबर आहे. त्याच घटनेचं साल सांगायला गेलात की काळ बदलतो: ‘नील आर्मस्ट्राँग वॉक्ड ऑन द मून इन १९६९.’

म्हणजे घटना किती जुनी हे महत्त्वाचं नाही. वाक्य ‘केव्हा?’ या प्रश्नाचं उत्तर देतं का, हे महत्त्वाचं. ‘१९६९ साली’, ‘काल’, ‘पाच मिनिटांपूर्वी’, ‘मी लहान असताना’ ही सगळी ‘केव्हा’ची उत्तरं आहेत. ती आली की साधा भूतकाळ. पूर्ण वर्तमानकाळ ‘केव्हा’चं उत्तर देतच नाही. तो आजच्या जागी उभा राहून मागे बघतो आणि एवढंच सांगतो, की आजवरच्या काळात ही गोष्ट घडली आहे, किंवा घडलेली नाही, किंवा इतक्या वेळा घडली आहे. म्हणूनच ‘व्हेन’ने सुरू होणारा ‘व्हेन हॅव यू फिनिश्ड युवर होमवर्क?’ हा प्रश्न चूक ठरतो. हवं ‘व्हेन डिड यू फिनिश’.

‘आजवर’ हा शब्द ध्यानात ठेवला की आणखी एक गोष्ट उलगडते. हयात लेखकाबद्दल ‘शी हॅज रिटन टेन नॉव्हेल्स’ म्हणता येतं, कारण तिचा लिहिता काळ अजून चालू आहे. शेक्सपिअर १६१६ साली वारला. ‘शेक्सपिअर हॅज रिटन मेनी प्लेज’ हे इंग्रजी कानाला खटकतं. तिथे ‘रोट’ हवं. साल वाक्यात नाही, पण काळाचा तो तुकडा बंद झालेला आहे.

‘धिस मॉर्निंग’चंही तसंच. सकाळी दहाला बोलत असाल तर ‘आय हॅव ड्रंक टू ग्लासेस ऑफ वॉटर धिस मॉर्निंग’, कारण सकाळ अजून सरलेली नाही. दुपारी चारला तेच सांगायचं तर ‘आय ड्रँक’. शब्द तोच, घड्याळ पुढे गेलं तसा काळ बदलला. ‘टुडे’ आणि ‘धिस वीक’ यांचा तुकडा बहुधा उघडाच असतो, ‘लास्ट वीक’चा कायम बंद.

परीक्षेत सगळ्यात जास्त फसवते ती वेगळीच जागा. कालदर्शक शब्द रिकाम्या जागेच्या वाक्यात नसतो, आधीच्या वाक्यात असतो. ‘वुई वेन्ट टु द झू लास्ट संडे. वुई डॅश अ व्हाइट टायगर.’ कंसात ‘सी’ दिलेलं असतं. दुसऱ्या वाक्यात काळाचा शब्द नाही म्हणून मुलं बिनधास्त ‘हॅव सीन’ भरतात. पण वाघ दिसला तो गेल्या रविवारीच. आधीच्या वाक्याने काळ ठरवून टाकला आहे. उत्तर ‘सॉ’. इंग्रजी बातम्यांची चालही बहुतेक अशीच असते. पहिल्या ओळीत ‘द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड’, म्हणजे राजीनामा दिला आहे, ही बातमी. पुढच्या ओळीपासून कुठे, केव्हा, कोणाकडे हा तपशील, आणि तो सगळा साध्या भूतकाळात. संवादातही तेच: ‘हॅव यू एव्हर रिडन अ हॉर्स?’ ‘येस, आय हॅव.’ आणि लगेच पुढचा प्रश्न ‘व्हेअर डिड यू राइड इट?’ एकदा विशिष्ट प्रसंगात शिरलो की परफेक्टचं काम संपलं. कथालेखनाचा प्रश्न सोडवताना घटना साध्या भूतकाळातच सांगत जाव्यात, ते याच कारणासाठी.

मराठी आपल्याला तीन ठिकाणी चकवते. पहिलं ठिकाण वर आलंच, ‘काल’सोबतचं ‘आहे’. दुसरं त्याच्या बरोबर उलटं. आपण विचारतो ‘जेवलास का?’ किंवा सांगतो ‘माझी किल्ली हरवली’. रूप साध्या भूतकाळाचं, पण बोलणं आत्ताचं: पोटात भूक आहे का, दार उघडणार का. इंग्रजीत त्यासाठी ‘हॅव यू ईटन?’ आणि ‘आय हॅव लॉस्ट माय की’. ‘आय लॉस्ट माय की’ म्हटलं तर किल्ली हरवल्याचा किस्सा सांगितला जातो. ती नंतर सापडलीही असेल. (‘आलो, आलो!’ हे तर याच्याही पलीकडचं. माणूस अजून जागचा हललेलाही नसतो. त्याला इंग्रजीत ‘आय ॲम कमिंग’ म्हणायचं, भूतकाळाचा संबंधच नाही.)

तिसरं ठिकाण ‘होतो’चं. ‘मी काल ग्रंथालयात गेलो होतो’ असं आपण सहज म्हणतो आणि त्याचं ‘आय हॅड गॉन टु द लायब्ररी यस्टरडे’ करतो. इंग्रजीत ‘हॅड’ला भूतकाळातली दुसरी घटना लागते, जिच्या आधी ही घडली. ‘द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन वुई रीच्ड द स्टेशन.’ दुसरी घटना ना वाक्यात, ना संदर्भात, तर ‘आय वेन्ट’ एवढंच पुरे. परीक्षकाला खटकणाऱ्या ‘हॅड’पैकी बरेचसे या ‘होतो’तून आलेले असतात.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांच्यातला फरक मुलांना लवकर कळतो: ‘सिन्स’पुढे सुरुवातीचा क्षण, ‘फॉर’पुढे लांबी. ‘सिन्स २०१८’, ‘फॉर थ्री इअर्स’. अडचण त्यांच्या जोडीच्या क्रियापदात आहे. मराठीत ‘मी त्याला लहानपणापासून ओळखतो’ असं आपण चक्क वर्तमानकाळात बोलतो, म्हणून ‘आय नो हिम सिन्स चाइल्डहूड’ ओठांवर येतं. इंग्रजीला तिथे ‘आय हॅव नोन हिम’ हवं. तेव्हा सुरू झालं आणि आजही चालू आहे, हे सांगणारा काळ इंग्रजीत परफेक्ट आहे. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इअर्स’ या वाक्यात तर दोन चुका आहेत. बरोबर वाक्य ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इअर्स’, किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’.

पण ‘फॉर’ दिसला की डोळे मिटून ‘हॅव’ लिहायचं असं मात्र नाही. ‘ही हॅज वर्क्ड हिअर फॉर टेन इअर्स’ म्हणजे तो अजून इथेच काम करतो. ‘ही वर्क्ड हिअर फॉर टेन इअर्स’ म्हणजे केव्हाच सोडून गेला. दोन्ही वाक्यं शुद्ध, अर्थ वेगळे. प्रश्नात पुढे ‘अँड देन मूव्ह्ड अवे’ असं काही असेल तर तोच इशारा. ‘सिन्स’चीही एक गंमत आहे. त्याच्यामागे बहुधा परफेक्ट असतो, पण पुढे आख्खं उपवाक्य आलं तर त्यात बहुधा साधा भूतकाळ असतो: ‘आय हॅव नोन हर सिन्स वुई वेअर इन स्कूल.’ एकाच वाक्यात दोन्ही काळ आपापल्या जागी बसलेले बघायचे असतील तर याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

‘गॉन’ आणि ‘बीन’ यांत मात्र मराठी आपल्या मदतीला येते. ‘ती बाजारात गेली आहे’, म्हणजे अजून परतलेली नाही: ‘शी हॅज गॉन टु द मार्केट’. ‘ती बाजारात जाऊन आली आहे’: ‘शी हॅज बीन टु द मार्केट’. जिथे मराठीत ‘जाऊन आलो’ बसतं तिथे ‘बीन’. यावरून कळेल, की स्वतःबद्दल ‘आय हॅव गॉन टु द मार्केट’ म्हणण्याची वेळ फारशी का येत नाही. जो बाजारात गेला आहे तो इथे उभा राहून बोलेल कसा?

‘जस्ट’, ‘ऑलरेडी’ आणि ‘येट’ यांच्याबाबत मुलं एक रास्त शंका काढतात. अमेरिकी मालिकेत पात्र ‘आय ऑलरेडी एट’ म्हणतं, पुस्तक सांगतं ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’. खरं कोणाचं? दोघांचंही. अमेरिकी बोलण्यात या तीन शब्दांसोबत साधा भूतकाळ सर्रास चालतो, ब्रिटिश वळण परफेक्टकडे झुकतं. ज्या शाळेचं पुस्तक ब्रिटिश वळणाचं आहे, तिथे पेपरात परफेक्टच लिहावा. वाद घालायला उत्तरपत्रिका ही जागा नव्हे. ‘ऑलरेडी’ बहुधा ‘हॅव’ आणि मुख्य क्रियापद यांच्या मधे बसतं, ‘येट’ नकारार्थी वाक्याच्या किंवा प्रश्नाच्या शेवटी.

सराव कसा करायचा? सुट्या वाक्यांतल्या शंभर रिकाम्या जागा भरण्यापेक्षा इंग्रजी बातमीचा एक परिच्छेद घ्यावा, त्यातली भूतकाळाची आणि परफेक्टची क्रियापदं पेन्सिलने अधोरेखित करावीत आणि प्रत्येकाला ‘केव्हा?’ विचारावं. उत्तर परिच्छेदात कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. मग क्रियापदं झाकून तोच परिच्छेद पुन्हा भरावा. सुट्या वाक्याला संदर्भ नसतो, आणि या दोन काळांची निवड तर संदर्भावरच चालते.

दुसरा सराव वाक्यरूपांतराचा. ‘आय लास्ट सॉ हिम टू इअर्स अगो’ हे वाक्य दिलं, की त्यातून ‘आय हॅव नॉट सीन हिम फॉर टू इअर्स’ काढायचं. होकार नकार झाला, ‘लास्ट’ आणि ‘अगो’ गेले, ‘फॉर’ आला, काळ बदलला, अर्थ मात्र तोच राहिला. तिसरा पर्यायही शिकून ठेवावा: ‘इट इज टू इअर्स सिन्स आय सॉ हिम.’ हा मराठी मुलांना सोपा जातो, कारण ‘त्याला पाहून दोन वर्षं झाली’ ही आपल्या बोलण्यातलीच रचना आहे. फक्त ‘सिन्स’च्या पुढचं ‘सॉ’ घाईत ‘सीन’ होऊ देऊ नये.