परसातलं बियाणं

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. 'बीजमाता' म्हणून आज त्यांना सारे ओळखतात. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्या ज्या परंपरेतून आल्या, तिची शाळा घरामागच्या परसात भरायची.

न्हाणीचं पाणी जाईल तिथे अळू नि केळ, कुडावर कारली-दोडके, मांडवावर वाल आणि दुध्या. शेत पुरुषाच्या नावावर असलं तरी परस बाईच्या हाती असे. रोहिणीत आळी करून ठेवायची, मृगाचा पाऊस झाला की बी टोचायचं. वेलीवरचं सगळ्यात निकोप फळ भाजीला तोडायचं नाही, ते बियाण्याला सोडायचं आणि तिथेच वाळू द्यायचं. मग बी राखेत घोळवून मडक्यात भरायचं, वर कडुनिंबाचा पाला घालून तोंड शेणामातीनं लिंपायचं. हे कुणी समोर बसवून शिकवत नसे. आजीच्या मागे हिंडताना नातीला ते कळत जाई.

१९६४ मध्ये ज्वारीचं पहिलं संकरित वाण, सीएसएच-१, आलं. राहीबाईंचा जन्मही त्याच वर्षीचा. पुढे गावोगावी त्या ज्वारीलाच लोक 'हायब्रीड' म्हणू लागले. उत्पन्न वाढलं, हे मान्यच करायला हवं. पण संकरित पिकाचं बी राखून पेरलं तर मूळ गुण तसेच उतरत नाहीत, म्हणून दरवर्षी दुकान गाठावं लागतं. भाजीपाल्यातही पुढे तेच झालं. बी विकत मिळू लागल्यावर आजीला विचारायचं कारणच उरलं नाही. मला हे नुकसान सगळ्यात मोठं वाटतं.

नातू आजारी पडला तेव्हा राहीबाईंना विकतच्या, औषधं फवारलेल्या भाज्यांचा संशय आला आणि त्या गावरान वाणांकडे वळल्या. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला स्थापन केलेल्या 'बायफ' या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेची साथ मिळाली, घरातच बियाणे बँक उभी राहिली. आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क पिकांच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीच्या २००१ च्या कायद्यानंही मान्य केलेला आहे.

मडक्यातलं बी मात्र फार वर्षं थांबत नाही, त्याची उगवण घटत जाते. ते पुन्हा मातीत घालावं लागतं, वेल चढवावी लागते, बियाण्याचं फळ निवडावं लागतं. म्हणून अशा बँकेला परसबाग लागतेच, आणि त्या वेळी शेजारी उभी राहणारी एखादी नातही.