हात उचलण्याआधी

प्रणयात जोडीदाराच्या पार्श्वभागावर चापट्या मारणं ही काही इंटरनेटने आणलेली चूष नव्हे. सुमारे तिसऱ्या शतकातल्या कामसूत्रात वात्स्यायनाने प्रणयातल्या प्रहारांना अख्खा अध्याय दिला आहे. उलटा हात, किंचित आकसलेली बोटं, मूठ, सपाट तळवा असे प्रकार सांगून झाल्यावर तो अपघातांकडे वळतो. चोल राजाच्या आघाताने चित्रसेना ही गणिका मेली, कुंतलच्या शातकर्णी सातवाहनाच्या हातून राणी मलयवती गेली, नरदेवाच्या चुकलेल्या घावाने एका नटीचा डोळा गेला. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचं घराणं, हे जाता जाता.

असं का होतं, याचं वात्स्यायनाचं उत्तर असं: भरधाव घोड्याला वेगापुढे वाटेतला खुंट किंवा खड्डा दिसत नाही, तसंच कामातुरांचं होतं. आजचं शरीरशास्त्रही साधारण हेच म्हणतं. बेव्हर्ली व्हिपल आणि बॅरी कोमिसारुक या अमेरिकी संशोधकांनी 1985 मध्ये स्त्रियांच्या बोटावर हळूहळू दाब वाढवत नेला. लैंगिक उत्तेजनाच्या वेळी ‘दुखतंय’ म्हणेपर्यंत बराच जास्त दाब द्यावा लागला. साध्या स्पर्शाची जाणीव मात्र फारशी बदलली नाही. एरवी झोंबली असती ती चापट त्या क्षणी सुखद वाटते, ती यामुळे. पण त्वचेखालच्या केशवाहिन्या काही त्यामुळे चिवट होत नाहीत. त्या तेवढ्याच जोराने फुटतात, आणि काळानिळा डाग सकाळी आरशात दिसतो.

म्हणून किती, कुठे, कशाने हे शांत डोक्याने आणि दारू न घेता आधीच बोलून घ्यायचं. हे बोलताना संकोच वाटतो, मान्य. पण ज्या माणसाशी हे बोलता येत नाही, त्याच्याशी ते करू तरी कशाला?

थांबण्याचा प्रश्न याहून अवघड. वात्स्यायन ‘पुरे’, ‘सोड’ हे उद्गार प्रणयातल्या सीत्कारांतच मोजतो. इथे मला तो धोकादायक वाटतो, कारण खरं ‘सोड’ कोणतं हे मारणाऱ्याने ठरवायचं, असा त्याचा अर्थ निघू शकतो. लटकं ‘नको’ ज्यांना खेळात हवं असेल, त्यांनी खऱ्या थांब्यासाठी वेगळा शब्द आधी ठरवावा. पुष्कळ जोडपी सिग्नलचे रंग वापरतात: पिवळा म्हणजे हळू, लाल म्हणजे बंद. असं काही ठरलेलं नसेल तर ‘नको’ म्हणजे नकोच. आधी दिलेला होकार मध्येच मागे घेता येतो, आणि त्याचं कारण द्यावं लागत नाही.

जागेचं म्हणाल तर नितंबांचा खालचा, मांसल भाग त्यातल्या त्यात सुरक्षित. तिथे जाड स्नायू आणि चरबी असते. माकडहाड, पाठीचा कणा, मूत्रपिंडांवरची कंबर, मान आणि डोकं पूर्ण वर्ज्य. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर हलक्या माराचाही मोठा डाग पडतो. पायाला बधिरपणा आला किंवा लघवीत रक्त दिसलं, तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं आणि कारण खरं सांगावं.

अशी आवड ही विकृतीच, हा समज 1886 मध्ये क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञाच्या ग्रंथाने पक्का केला. आता मानसोपचारशास्त्र तसं मानत नाही. डीएसएम-5 मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या 2013 च्या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत, नुसती आवड हा आजार नाही. त्रास, हानी किंवा असंमती असेल तरच निदान होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत, या गटातला उरलेला विकार असंमत व्यक्तीवर केलेल्या बळजबरीचा आहे.

कायदा मात्र सावध आहे. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, 1993 मध्ये ठरवलं, की प्रत्यक्ष इजा झाली तर संमती हा बचाव नाही. आपल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 25 अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीने झालेली किरकोळ इजा गुन्ह्यातून वगळतं. तिथलं उदाहरण तलवारबाजीच्या खेळाचं आहे. गंभीर दुखापतीला ते कलम लागू नाही. कलम 28 नुसार भीतीपोटी किंवा आपण कशाला होकार देतोय हेच कळणार नाही अशा नशेत दिलेली संमती ही संमतीच नव्हे. ‘आमच्यात हे चालतं’ असं एकट्या नवऱ्याने सांगूनही भागत नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा पत्नीला आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या जोडीदारणीलाही दाद मागू देतो.